बुडालेल्या इंजिनाचे जगभराचे हक्क

२ जुलै २०२५, बुधवार

मच्छीमार सोसायटीने जानेवारीत वाटलेली ही डायरी आजवर कोरी पडली होती. माझी बायको रुक्मिणी तिच्यावर गरम टोप ठेवायची, त्याचा गोल डाग पुठ्ठ्यावर आहे. आज उघडली, कारण डोक्यात गुंता झालाय. गुंता जाळ्याचा असो की डोक्याचा, पसरून ठेवल्याशिवाय सुटत नाही.

विषय असा. चाळीस वर्षं सर्जेकोटच्या जेटीजवळ मी होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. गुडघ्यांनी दगा दिला तशी गेल्या वर्षी शेड बंद केली आणि बसल्या बसल्या चार वह्या भरून पुस्तक लिहिलं, 'बुडालेलं इंजिन कसं वाचवावं'. मराठीत असलं पुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही. बाजारात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवणारी नम्रता आहे, तिने ते टाइप करून दिलं. ब्याऐंशी पानं झाली. मी म्हटलं, आता छापखाना बघू. ती म्हणाली, "काका, छापतास कित्याक? ई-बुक करूया. एकदा चढवला काय जगभर जाता."

"जगभर म्हणजे खंय खंय?"

"सगळीकडे."

"मस्कताक?"

ती हसली. "मस्कत जगातच आसा मां, काका?"

नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडला की लोकांची इंजिनं घराबाहेर निघतात. त्याच्या आत पुस्तक बाहेर काढायचं ठरवलंय. महिनाभर हातात आहे. एवढ्या वेळात मी तीन मोडकी इंजिनं जोडून एक चालू केलेलं आहे, तर हे काय मोठंसं.

४ जुलै, शुक्रवार

नम्रताच्या दुकानात तीन तास बसलो. पुस्तक चढवायचं म्हणजे कुठलंतरी एक बटण दाबायचं असतं अशी माझी समजूत होती. तिथे तर बाजार भरलाय. नावं लांबलचक आणि सगळी एकसारखी ऐकू येतात, म्हणून मी त्यांना माझी नावं ठेवली.

पहिलं मोठं दुकान. त्यात दोन तऱ्हा. साधी तऱ्हा, आणि बांधील तऱ्हा. बांधील म्हणजे नव्वद दिवस पुस्तक फक्त त्यांच्याकडे, दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही, घरच्या माणसालासुद्धा द्यायचं नाही. बदल्यात ते पुस्तक जरा पुढे मांडतात. हे आम्हाला नवीन नाही. जाळ्यासाठी एखाद्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली की मासळी त्यालाच घालावी लागते, शेजारचा मग काहीही भाव देऊ दे.

दुसरा वाटप्या. त्याला पुस्तक एकदा दिलं की तो चाळीस-एक दुकानांत आणि परदेशातल्या वाचनालयांत नेऊन पोचवतो. तिसरी टपरी. म्हणजे आपलंच पान उघडायचं, त्याचा पत्ता ज्याला हवा त्याला पाठवायचा, पण गिऱ्हाईकही आपणच गोळा करायचं.

मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं, मस्कतला पोचतं का. मोठ्या दुकानाच्या देशांच्या यादीत ओमान दिसेना. नम्रता म्हणाली, तिथला माणूस दुसऱ्या देशाच्या दुकानातून घेऊ शकतो, बहुतेक. बहुतेक! बहुतेकवर कोणी होडी दर्यात घालतं का? वाटप्याच्या यादीत आखाताकडची नावं आहेत, पण तिथे मराठी पुस्तक घेतात की नाही ते लिहिलेलं नाही. टपरी सगळीकडे पोचते म्हणे, पण टपरी आहे हे तिथल्या माणसाला कळवणार कोण?

"काका, मस्कतच कित्याक?" नम्रताने विचारलं. ती मूळची तळेऱ्याची, लग्न होऊन इथे आली त्याला दोन वर्षंही झालेली नाहीत. तिला काही माहीत नाही.

"थंय दर्यो आसा," मी म्हटलं.

"दर्यो लय ठिकाणी आसा."

मी म्हटलं, तू यादी छापून दे, घरी जाऊन बघतो. सहा पानी यादी आणली. चष्मा लावून पाहिली तरी डोक्यात प्रकाश पडेना.

९ जुलै, बुधवार

मोठ्या दुकानाचा फॉर्म भरायला बसलो. पुस्तकाचं नाव. लेखक: गुरुदास खवणेकर. त्याखाली एक चौकट, 'इतर योगदान देणारे'. नम्रताने विचारलं, कोण आहेत? मी म्हटलं, रिकामी सोड.

मग पुढचं पान. 'या पुस्तकाचे हक्क तुमच्याकडे आहेत का? कोणत्या देशांचे?' खाली दोन गोल. सगळे देश. निवडक देश.

हक्क म्हणजे कायद्याचं काम, घाईने करायचं नाही. शेडची जागा माझ्या नावावर आहे, सातबारा दाखवू शकतो. पुस्तकाला सातबारा कुठून आणू? मी नम्रताला विचारलं, "निवडक देशात ओमान सोडून बाकी सगळे, असा करूक येता काय?"

तिने माऊस सोडला. "काका, शुक्रवारी तुमका ओमानच होया होतो."

खरं होतं ते. मला आता तिथे पुस्तक जायला हवंय की जायला नको आहे, हे मलाच सांगता येईना. मी म्हटलं, आज डोळे दुखतात, उद्या बघू. डोळे काही दुखत नव्हते.

१० जुलै, गुरुवार

टाइप केलेली पानं रुक्मिणीने चुलीजवळ बसून वाचली. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण वाचते ठसक्यात. संपवल्यावर तिने पानं नीट जुळवली आणि म्हणाली, "फकरूभावोजींचा नाव खंय घातलास?"

"पुस्तक मी लिवलंय."

"लिवलास तुमीच. मी इचारतंय ता येगळा."

आणि भाकऱ्या थापायला उठली. तिची ही जुनी खोड आहे, सुई टोचून निघून जायचं.

आता विषय निघालाच आहे तर लिहून टाकतो. फकरुद्दीन मुकादम आणि मी, एकतीस वर्षं एका शेडमध्ये काम केलं. त्याचे वडील बोटीच्या इंजिनावर होते, विद्या त्याच्या हातात उतरली होती. मी आयटीआय केलेला. कंपनीची जाडजूड इंग्रजी-मराठी पुस्तकं मी वाचायचो, मोठ्याने, आणि तो इंजिनात हात घालून ऐकायचा. हातगुण त्याचा होता, नाही म्हणत नाही. पण वाचून कोण दाखवायचं? तो तर गिऱ्हाइकाचं नावसुद्धा कोळशाने भिंतीवर आपल्या उर्दूत लिहून ठेवायचा आणि मला विचारत बसावं लागायचं, हे कोणाचं रे.

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. होड्या उलटल्या, सदतीस इंजिनं खाऱ्या पाण्यात गेली. लोक रडत होते, कारण इंजिन गेलं की घर बसलं. आम्ही नऊ दिवस घरी गेलो नाही. सदतीसपैकी चौतीस चालू केली. मग सोसायटीने सत्कार ठेवला. त्यांनी एकाचंच नाव पुकारलं, माझं. त्याला मी काय करू? शाल घातली, नारळ दिला, हातात माईक दिला. मी गोंधळलो. देवाचे आभार मानले, सोसायटीचे मानले आणि खाली उतरलो. फकरू दुसऱ्या रांगेत बसला होता. टाळ्याही वाजवत होता.

त्यानंतर तो सहा महिने कामाला आला, पण बोलणं कामापुरतं. डिसेंबरात मुलीकडे, सनोबरकडे, मस्कतला निघून गेला. शेडची त्याच्याकडची किल्ली त्याने आपल्या बहिणीच्या, बानूच्या हाती पाठवली. निरोप काही नव्हता. एका शालीवरून एकतीस वर्षं मोडतो का माणूस? मला तर त्याच्या स्वभावाचं नवलच वाटतं.

१४ जुलै, सोमवार

मोठं दुकान रद्द. नव्वद दिवस बांधून घेणं मला पटत नाही. आज वाटप्याचा फॉर्म उघडला. चौथ्या पानावर तोच प्रश्न, हक्क तुमचे आहेत का. म्हटलं, टपरी बघू. टपरी आपली स्वतःची, तिथे कोण विचारणार? तिथेही तोच. वर त्यांचं म्हणणं, 'खोटी माहिती दिल्यास जबाबदारी तुमची.'

मी नम्रताला म्हटलं, "न इचारणारो कोण नाय?"

ती दुसऱ्या कोणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेट करत होती. मान वर न करता म्हणाली, "चोरीचो माल घेणारो तेवढो इचारणा नाय, काका."

तिने सहज म्हटलं असेल. मला मात्र राग आला. छत्री तिथेच विसरून भिजत घरी आलो. रुक्मिणीने कारण विचारलं नाही, टॉवेल दिला.

१७ जुलै, गुरुवार

चार वाटा आणि एक डोकं. शेवटी म्हटलं, देवाला कौल लावू. आमच्याकडे विहीर खणायची, मुलगी द्यायची, होडी बांधायची, सगळं कौल घेऊन. तर मग पुस्तकानेच काय घोडं मारलंय? देवळात महादू गुरवाने पाषाणावर फुलं चिकटवली आणि म्हणाला, "हां, बोल. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाय. प्रश्न एकच इचार."

मी म्हटलं, मोठं दुकान की वाटप्या की...

"अरे, देवाक दोनच बाजू आसत. तू चार वाटे घेवन इलंस. नीट इचार कर, तुका नेमका काय जाणून घेवचा आसा?"

मी हात जोडून उभा राहिलो. बराच वेळ. महादूला वाटलं मला चक्कर आली. तोंडात एक प्रश्न आला होता, पण तो दुकानांचा नव्हता, आणि त्याचं उत्तर फुलाने दिलेलं मला सोसलं नसतं. तो इथेही लिहीत नाही. महादूला दक्षिणा दिली आणि नारळ तसाच घेऊन घरी आलो.

२१ जुलै, सोमवार

ठरवलं. असं लोंबकळत राहण्यात अर्थ नाही. मोठं दुकान, बांधील तऱ्हा. काय व्हायचं ते होवो.

मुखपृष्ठासाठी नम्रताला शेडवर नेलं. कुलूप गंजलं होतं, तेल घालून उघडलं. आतला वास तसाच, जुन्या तेलाचा. मागची भिंत फकरूच्या कोळशाच्या अक्षरांनी भरलेली आहे. वादळाच्या त्या नऊ दिवसांत त्याने ती लिहिली होती, वरपासून खालपर्यंत. नम्रता म्हणाली, "काका, ह्या काय सुंदर दिसता! ह्याच मुखपृष्ठ." मलाही आवडलं. वेलबुट्टीसारखी अक्षरं, पुढे माझं जुनं इंजिन. फोटो छान आला.

दुकानात जाऊन फॉर्म भरला. हक्कांचं पान आलं. मी म्हटलं, "दाब."

"तुमी दाबा. हक्क तुमचे."

माऊस माझ्या हातात देऊन ती बाजूला झाली. मी 'सगळे देश' दाबलं. बारीकसा आवाज झाला, बाकी काहीच झालं नाही. तिने टाळ्या वाजवल्या. घरी पेढे नेले, पण मला खाववेना. रुक्मिणीने दोन खाल्ले आणि म्हणाली, साखर जास्त आहे.

२४ जुलै, गुरुवार

नम्रताचा फोन. पुस्तक अडलं. मोठ्या दुकानाने विचारलंय की पुस्तकाची भाषा मराठी लिहिली आहे आणि मुखपृष्ठावर दुसऱ्या भाषेतला मजकूर दिसतो, तो काय आहे, कोणाचा आहे, त्याचे हक्क तुमच्याकडे आहेत का?

भिंत माझी. चुना मी लावला. अक्षरं कोणाची?

नम्रता म्हणते, एवढं डोकं कशाला खाता, मुखपृष्ठ बदलू, होडीचा फोटो घालू, पाच मिनिटांचं काम. सोपं होतं ते. मी हो म्हणणारच होतो. त्याऐवजी म्हटलं, त्या फोटोची मोठी झेरॉक्स काढून ठेव, उद्या नेतो. का म्हटलं, ते मला विचारू नका. (कोणाला सांगतोय मी हे? डायरीला?)

२५ जुलै, शुक्रवार

सकाळी बानूकडे गेलो. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, बंदराकडे घरीच शिवणकाम करते. दारात मला बघून तिने मशीन थांबवलं. "गुरूभाय? येवा, येवा. वैनी बरी आसा मां?" जणू काल भेटलो होतो. मला आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

चहा झाल्यावर झेरॉक्स पुढे ठेवली. म्हटलं, दुकानवाले विचारतात, हे वाचून सांग. तिने चष्मा लावला, कागद खिडकीकडे धरला आणि हसायला लागली.

"ह्या भायचा अक्षर! वरती लिवलेला आसा, बुडालेला इंजिन. खाली, भायर काढल्यावर उन्हात सुकत ठेवचा नाय, हवा लागली काय गंज धरता. गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवचा, हात मोकळो होयसर." मग तिने मान कलती केली. "आणि हंयसर बाजूक लिवल्यान, अब्बांनी शिकवलेला. गुरूक परत सांगूचा, आयकणा नाय."

हात मोकळा होईपर्यंत, म्हणजे खोलायला सवड मिळेपर्यंत, पाण्यातच. ऐकत नव्हतो हे खरं आहे. पहिल्या दिवशी मी चार इंजिनं उन्हात मांडली होती, सुकतील म्हणून. फकरू धावत आला होता. त्यातली एक वाचली, तीन गेली. सदतीसपैकी जी तीन गेली ती हीच. हे मी कुठे सांगितलेलं नाही. पुस्तकातही नाही.

"आणि खाली नावांची यादी आसा," बानू म्हणाली. "कोणाचा इंजिन, कधी चालू झाला. एकदम शेवटाक, सदतीसातली चौतीस, आणि पुढे फकरू-गुरू."

"दोघांचा नाव?"

"दोघांचा. वाचतंय मां मी."

पान नऊवर मी लिहिलंय, 'बुडालेलं इंजिन उन्हात ठेवू नये, हे मला अनुभवाने उमगलं.' ते वाक्य माझ्या डोळ्यांपुढे आलं. विषय बदलायला मी म्हटलं, "पुस्तक धाडला तर तो वाचीत काय गो?"

बानूला वाटलं मी थट्टा करतोय. "गुरूभाय, भाय उर्दू शाळेत चौथी शिकलो. मराठी पाटी बघली काय दुसऱ्याक इचारता. तेका आयुष्यभर तुमीच वाचून दाखवलास मां?"

मी उरलेला चहा प्यालो. थंड झाला होता. घरी चालत आलो, रिक्षा केली नाही.

त्याच दिवशी, जेवणानंतर

महिनाभर मी मस्कतला पोचणारं दुकान शोधत होतो. सहा पानांची यादी चष्मा लावून पाहिली. चाळीस दुकानं, वाचनालयं, बांधील, मोकळं. आणि ज्याच्यासाठी शोधत होतो त्याला मराठी वाचता येत नाही. मला हे माहीत होतं. एकतीस वर्षं रोज माहीत होतं, मीच तर वाचायचो. मग विसरलो कसा? रुक्मिणीला सांगितलं तर ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

आणि दुसरं. प्रत्येक पान लिहिताना मला वाटायचं, हे ऐकून फकरू काय म्हणेल. असं असताना नाव मात्र त्याचं गाळलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या आणि तो माणूस मी आहे. माझं मलाच कळत नाही. मला त्याची आठवण येते, एवढं एकच खरं लिहिता येतं. फार येते.

२८ जुलै, सोमवार

नम्रताला सांगितलं, मोठ्या दुकानातून पुस्तक काढून घे. ती वैतागली. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं, शाल, भिंत, तीन इंजिनं, सगळं. ती म्हणाली, "म्हणान मस्कत?"

"म्हणान."

तिने रिकामी सोडलेली चौकट उघडली. म्हणाली, लेखक दोन असले तर दुसऱ्याची संमती लागते, नाहीतर पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तोच घोळ. फोन करा. बानूकडून नंबर आणलेला खिशातच होता.

१ ऑगस्ट, शुक्रवार

चार दिवसांत तीनदा नंबर लावून बंद केला. आज चौथ्यांदा लागला. सनोबरने उचलला. म्हणाली, "काका? गुरुदासकाका?" अब्बा नमाजला गेलेत, आल्यावर सांगते, असं म्हणाली. त्याला हल्ली उजव्या हाताला कंप असतो, पाना धरता येत नाही, हेही तिने सांगितलं. फकरूच्या हातात पाना राहत नाही ही गोष्ट मला खरीच वाटत नाहीये.

दिवसभर फोन उशाशी ठेवला. आला नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आजही नाही. मी रुक्मिणीला म्हटलं, "बघलंस? फोन करूक काय लागता तेका?"

ती तांदूळ निवडत होती. "तुमी दोन दिस वाट बघतास. तेणी चार वरसा बघल्यान."

सुपातला खडा बाजूला टाकून ती पुन्हा निवडायला लागली.

५ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा मीच केला. या वेळी त्याने उचलला. आवाज तोच, थोडा खरखरीत.

"कोण?"

"मी. गुरू."

मागे कुठेतरी टीव्ही चालू होता. तो बंद झाला. मग त्याने तेच विचारलं जे शेडमध्ये फोन आला की विचारायचा, "कोणाचा बुडला?"

मी ठरवून ठेवलेलं सगळं विसरलो. "माझा," म्हटलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, फोन हातात घेऊन रडत होतो. तो थांबला. घाई करायची त्याची सवय कधीच नव्हती.

मग सांगितलं. सत्काराच्या दिवशी तुझं नाव घ्यायला हवं होतं, घेतलं नाही, विसरलो नव्हतो, शालीचा मोह पडला. हे मी आजवर स्वतःलाही असं सांगितलं नव्हतं. मग पुस्तकाचं सांगितलं, त्याचं नाव घालायचंय हे सांगितलं.

"खंय इकतलंस?"

मी मोठं दुकान, वाटप्या, टपरी, सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं. "माका त्यातला काय कळाक नाय."

"माका तरी खंय कळला?"

तो हसल्यासारखं वाटलं. मग म्हणाला, "नाव आताच घालू नको. आत काय लिवलंस माका काय म्हायत? चुकीचा लिवलेला आसला तर कोणाचा तरी इंजिन जातला, आणि वरती माझा नाव."

"मगे वाचून बघ," माझ्या तोंडून निघून गेलं. जीभ चावली.

"माका वाचूक खंय येता?"

"हां. नाय येणा."

"मगे तू कित्याक आसस?"

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

पुस्तक बाहेर पडलं नाही. दुपारी दर्यात नारळ पडला, लोकांनी इंजिनं बाहेर काढली, आणि माझ्या पुस्तकाचा जगात कुठेही पत्ता नाही. नम्रता विचारते, काका, शेवटी कुठलं दुकान? मी म्हटलं, ब्याऐंशी पानं होऊ देत, मग दोघं मिळून ठरवू. ती म्हणाली, ता कधी होतला? मी म्हटलं, रोज तीन पानं.

बुधवारपासून सकाळी दहा वाजता, तिकडचे साडेआठ, मी शेडमध्ये जाऊन बसतो आणि फोनवर वाचतो. मोठ्याने, पूर्वी वाचायचो तसा. तो मध्येच थांबवतो. पान चारवर त्याने प्लग काढायचा क्रम बदलायला लावला. पान सहावर म्हणाला, हे बरोबर आहे पण इतकं लांब कशाला, लोकांना काम असतं. मी पेन्सिलीने दुरुस्त करतो.

आज पान नऊ होतं. काल घरी ते वाक्य खोडून ठेवता आलं असतं. खोडलं नाही. होतं तसंच वाचलं, 'हे मला अनुभवाने उमगलं.'

पेन्सिल त्या ओळीवर टेकवली.

"परत वाच," फकरू म्हणाला.

परत वाचलं. मग समोरच्या भिंतीकडे बघून म्हटलं, "फकरू, हंयसर भिंतीर तुझ्या अब्बांचा नाव आसा. बानून वाचून दाखवल्यान. आता माका म्हायत आसा."

"उन्हात गेली ती तीन?" त्याने विचारलं. "ती लिवलंस काय?"

"नाय."

"ती लिव. लोक त्याच्यातसून शिकतले."

मी ते वाक्य खोडलं. वर लिहिलं, 'हे फकरुद्दीन मुकादम यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं आणि त्यांनी मला. मी आधी ऐकलं नाही, तेव्हा तीन इंजिनं गेली.' त्याला वाचून दाखवलं. तो हं म्हणाला. मग विचारलं, "आणि पाण्यात किती दिस ठेवचा, ता खंय लिवलंस?"

"किती दिस?"

"हात मोकळो होयसर. पण चार वरसा ठेवलंस तर खोलूक येळ लागतलो, ह्या पण लिव."

मी ते लिहीत होतो तेवढ्यात जेटीवर कोणीतरी दोरी ओढून इंजिन चालू केलं. पहिल्या झटक्याला लागलं नाही, दुसऱ्याला लागलं. फकरूला फोनमधून ऐकू गेलं. तो ते ऐकत होता. इंजिनाचा आवाज दूर जाऊन ऐकू येईनासा झाला, तेव्हा म्हणाला, "वाच रे पुढे."

मी पान दहा काढलं.